नाव कुणी खोडलं?



तुमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असेलच. खरं सांगा, त्यात तुम्ही काय बघता? लाल आकडे! आई दुधाचे खाडे लिहून ठेवते, आजी चष्मा सरसावून बारीक अक्षरांतली एकादशी शोधते, आणि आपण हळहळतो, की यंदा अमुक सण रविवारी आला, म्हणजे एक सुट्टी बुडाली.

परवा मात्र वसईहून एक पत्र आलं. लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे आणि तिनं कॅलेंडर आपल्यासारखं वरवर वाचलेलं नाही. ती विचारते, की आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारीला गेले असं आम्हांला शिकवलं आहे, मग चर्चच्या कॅलेंडरमध्ये तो सण ६ तारखेला कसा? बरं, तिथं त्यांचं नावसुद्धा नाही! नाव दुसऱ्याचंच, आणि पुढं नुसतं ‘व सोबती’. आमच्या संतांचं नाव कुणी खोडलं? या ‘खोडलं’खाली तिनं दोन रेघा मारल्या आहेत. चांगलीच रागावलेली दिसते.

उत्तर दोन ओळींत देता येईल, पण ते तिला पटायचं नाही. त्यासाठी एका संघाचं अख्खं वर्ष उलगडून बघावं लागेल. चला तर.

गोन्सालो हे फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर होते. हा संघ काढला असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी, १२०९ साली. असिसी हे इटलीतलं डोंगरउतारावरचं गाव. फ्रान्सिस कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. घर, पैसा सगळं सोडून गरिबांसारखं राहू लागला आणि पाहता पाहता त्याच्याभोवती माणसं जमली. ही माणसं मठात एका जागी बसून राहणारी नव्हती. पायी फिरायची, मिळेल ते काम करायची. त्यांची नियमावली पोप तिसरे होनोरियस यांनी २९ नोव्हेंबर १२२३ या दिवशी मंजूर केली. ही तारीख तुम्ही पाठ करा असं मी म्हणत नाही, पण संघ ती विसरलेला नाही. दर २९ नोव्हेंबरला आपल्या संघातल्या सगळ्या संतांचा सण ते एकत्र साजरा करतात.

आता त्यांचं वर्ष. कॅथलिक चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार मागं मोजायचे, तिथं आगमनकाळ सुरू होतो आणि तोच त्यांचा पाडवा. या वर्षात दोन चाकं एकदम फिरत असतात. आपल्याकडं नाही का, संक्रांत आली की १४-१५ जानेवारी हे ठरलेलं, पण दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात? तसंच आहे हे. नाताळ म्हणजे २५ डिसेंबर, त्यात बदल नाही. ईस्टर मात्र चंद्राच्या मागं धावतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. (ही पौर्णिमा आकाशात बघून नव्हे, चर्चच्या कोष्टकावरून काढतात.) त्यामुळं ईस्टर २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कधीही येऊ शकतो. आणि तो एकटा हलत नाही. राखेचा बुधवार, उपवासकाळ, गुड फ्रायडे, पेन्टेकॉस्ट, हे सगळे डबे त्याच इंजिनाला जोडलेले.

फ्रान्सिस्कनांनी या सर्वांच्या वर्षात आपली काही भर घातली. पहिली भर उपवासांची! १२२३ च्या नियमावलीप्रमाणं १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणापासून नाताळपर्यंत उपवास. म्हणजे पावणेदोन महिने झाले. मग ईस्टरच्या आधीचा सगळ्यांचाच उपवासकाळ. शिवाय जानेवारीपासून आणखी ४० दिवसांचा एक उपवास, पण तो ज्याच्या त्याच्या इच्छेवर. आणि वर्षभर दर शुक्रवार. आपल्या चातुर्मासाची आठवण झाली ना? आज एवढं कडक पाळत नाहीत. पण त्याच नियमावलीत एक मजेशीर सवलतही आहे. कुणाच्या घरी गेलात तर समोर जे वाढलं जाईल ते खायला मोकळीक आहे. भटकणारी माणसं ती, यजमानाच्या घरी बसून ‘मला हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हणणार तरी कशी? (हे वाक्य आईला दाखवू नका. कारल्याच्या भाजीच्या वेळी उपयोगात आणेल.)

आणि मग नाताळ. फ्रान्सिसचा हा सगळ्यांत आवडता सण. एका वर्षी नाताळ नेमका शुक्रवारी येणार होता. शुक्रवार म्हणजे मांस वर्ज्य. ब्रदर मंडळींत चर्चा सुरू झाली, सण पाळायचा की उपवास? मोरिको नावाच्या ब्रदरनं शुक्रवारची बाजू घेतली, तर फ्रान्सिस त्याच्यावर चक्क रागावले. बाळ येशू जन्मला त्या दिवसाला शुक्रवार म्हणणं हेच मुळी त्यांना पटेना. त्या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावं, त्यांना खाता येत नसेल तर निदान वरून फासावं, असं त्यांचं म्हणणं पडलं! त्यांच्या जुन्या चरित्रात ही हकिगत आहे. राजा भेटला तर आपण त्याला विनंती करू, असंही ते म्हणत, की नाताळच्या दिवशी सगळ्यांनी रस्त्यांवर धान्य टाकावं, म्हणजे पाखरांनाही सण कळेल, आणि गोठ्यातल्या बैलाला नि गाढवाला पोटभर वैरण घालावी. आपल्या पोळ्याच्या दिवशी हा माणूस विदर्भात आला असता, तर किती रमला असता!

१२२३ च्या नाताळात ग्रेचो नावाच्या डोंगरातल्या गावी त्यांनी गवताची गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं आणि रात्री मशाली घेऊन सारा गाव तिथं लोटला. आज वसईत, गोव्यात घरोघरी नाताळचा गोठा करतात, त्याला सगळीकडं पोहोचवण्यात या संघाचा मोठा वाटा आहे.

बाकीचे दिवस भराभर बघू. १३ जूनला संत अँथनी. हेही फ्रान्सिस्कनच. वस्तू हरवली की लोक यांचा धावा करतात. २ ऑगस्टला पोर्झियुंकुला, म्हणजे असिसीजवळचं एक चिमुकलं देऊळ. फ्रान्सिस यांनी ते स्वतःच्या हातांनी डागडुजी करून उभं केलं. या दिवसाची एक गंमत सांगतो. १७६९ साली स्पॅनिश लोकांची एक तुकडी कॅलिफोर्नियात वाट शोधत चालली होती. बरोबर फादर क्रेस्पी हे फ्रान्सिस्कन होते. २ ऑगस्टला वाटेत नदी लागली. पंचांग उघडलं, सण पोर्झियुंकुलाच्या देवदूतांच्या राणीचा. झालं, नदीला तेच नाव दिलं! पुढं १७८१ मध्ये तिथं गाव वसलं आणि नावातला ‘देवदूत’ एवढाच शब्द लोकांच्या तोंडी उरला. ते गाव म्हणजे आजचं लॉस एंजेलिस. ११ ऑगस्टला संत क्लारा. ही असिसीचीच मुलगी, स्त्रियांचा संघ तिनं काढला. एका नाताळात ती इतकी आजारी होती, की चर्चला जाता आलं नाही, पण तिकडची प्रार्थना तिला पडल्या पडल्या दिसली नि ऐकू आली, अशी कथा आहे. म्हणून १९५८ मध्ये पोपनी तिला टेलिव्हिजनची पालक संत ठरवलं.

हे बहुतेक दिवस मृत्यूचे आहेत हं. अँथनी १३ जून १२३१ ला गेले, क्लारा ११ ऑगस्ट १२५३ ला. आपण जयंती आणि पुण्यतिथी दोन्ही करतो, पण संतांच्या बाबतीत चर्च पुण्यतिथी धरतं आणि त्या दिवसाला म्हणतं काय, तर जन्मदिवस! स्वर्गातला जन्म. तुकाराम बीज ठाऊक आहे ना, ती तुकोबांच्या वैकुंठगमनाची. तशातलंच.

आता तुमच्यासाठी एक कोडं. फ्रान्सिस वारले ३ ऑक्टोबर १२२६ ला. त्यांचा सण मात्र ४ ऑक्टोबरला. एक दिवस गेला कुठं? ओळखा बघू. उत्तर असं, की ते सूर्यास्तानंतर वारले. त्या काळच्या रीतीनं सूर्य मावळला की पुढचा दिवस लागायचा. आजसुद्धा मोठ्या सणाची पहिली प्रार्थना आदल्या संध्याकाळी होते. म्हणून जगभरातले फ्रान्सिस्कन ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी एकत्र जमतात आणि त्यांच्या मृत्यूची हकिगत वाचतात. आपल्याला उघड्या जमिनीवर ठेवा, असं त्यांनी शेवटी सांगितलं होतं. २०२६ साली या घटनेला ८०० वर्षं होतात.

म्हणजे तारखा एक घर पुढंमागं होतात, हे तुम्हांला आता कळलं. वसईच्या मैत्रिणी, तुझ्याकडंच येतोय.

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईचा किल्ला तेव्हा पोर्तुगीजांकडं होता, चिमाजी अप्पांनी तो घ्यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. जेझुइट फादरांनी या मुलाला शिकवलं आणि साधारण पंधराव्या वर्षी तो त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथं तो जपानी भाषा फर्डी बोलू लागला. जेझुइट व्हायचं होतं, ते जमलं नाही. मग व्यापार केला. शेवटी फिलिपिन्समध्ये, मनिलाला, फ्रान्सिस्कन संघात शिरला. फादर म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून.

साध्या ब्रदरची प्रार्थना कशी असते? फादर लोक दिवसातून अनेकदा पुस्तकातून स्तोत्रं म्हणत. पण ज्याला लॅटिन येत नाही त्यानं काय करायचं? नियमावलीनं त्याला हिशेब बांधून दिला. येशूनं शिकवलेली प्रार्थना रात्री २४ वेळा, पहाटे ५, दिवसाच्या चार प्रहरांना ७-७, सांजवेळी १२ आणि झोपताना ७. करा बेरीज. ७६! कॅलेंडरमध्ये कुणाचाही सण असो, या ७६ चुकायच्या नाहीत. गोन्सालो यांच्याही वाट्याला हाच हिशेब आला असणार.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता हे मनिलाचे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला गेले, तेव्हा गोन्सालो दुभाषी होते. पेद्रो जे बोलले, ते जपान्यांनी या वसईकराच्या तोंडून ऐकलं. सुरुवातीला सगळं बरं चाललं. १५९६ च्या अखेरीस हिदेयोशी फिरला. २४ जणांना पकडलं, क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. वाटेत आणखी दोघं जोडले गेले. झाले २६. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकीचे साधे जपानी लोक. सगळ्यांत धाकटा लुई इबाराकी फक्त बारा वर्षांचा, म्हणजे तुमच्याएवढा. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. जपानी चांद्र पंचांगात तो बाराव्या महिन्याचा १९ वा दिवस होता. १८६२ मध्ये रोममध्ये या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं.

तर ५ तारीख खरी. पण ५ फेब्रुवारीची खोली आधीच भरलेली होती. तिथं सिसिलीची संत अगाथा आहे, तीही रक्तसाक्षी, फार पुराणी. १९६९ मध्ये साऱ्या चर्चचं कॅलेंडर नव्यानं लावलं तेव्हा या २६ जणांना शेजारची ६ तारीख मिळाली. जपानमध्ये मात्र ते ५ लाच पाळतात.

आणि नाव? सर्वसाधारण कॅलेंडरमध्ये ‘पॉल मिकी व सोबती’ असं असतं. पॉल मिकी हे जपानी जेझुइट, त्यांनी क्रुसावरून लोकांना उपदेश केला. फ्रान्सिस्कन आपल्या कॅलेंडरमध्ये पेद्रो बाप्तिस्तांचं नाव आधी लावतात, मग मिकी, मग ‘सोबती’. तिथंही वसईचं नाव नाही, लुईचं पण नाही. मला विचारशील तर तुझा राग अगदीच चुकीचा नाही. पेद्रोंचं बोलणं ज्यानं जपान्यांच्या कानांपर्यंत पोहोचवलं, तो मथळ्यात कुठंच नाही! पण चौकोन तो केवढासा, त्यात २६ नावं बसायची कशी?

मात्र खोडलेलं नाही हं. रोमन मार्टिरॉलॉजी नावाचा एक जाडजूड ग्रंथ आहे. त्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसाखाली संतांची आणि रक्तसाक्षींची नावं लिहिलेली आहेत. ६ फेब्रुवारीच्या पानावर ‘सोबती’ म्हणून भागवलेलं नाही, सव्वीसच्या सव्वीस नावं आहेत. त्यात गोन्सालो गार्सिया आहे, लुई इबाराकीही आहे. आणि या ग्रंथाचं वाचन जिथं अजून चालतं, तिथं जुनी रीत अशी, की उद्याचं पान आज वाचायचं, म्हणजे कोण येणार ते सगळ्यांना आदल्या दिवशी कळतं.

६ तारखेचं पान वाचतात ते ५ फेब्रुवारीला.