दोन लाखांचा चोख हिशेब



पत्र्याच्या बादलीवरचा करडा-चंदेरी मुलामा तुम्ही पाहिलाच असेल. तो असतो जस्ताचा. लोखंड गंजू नये म्हणून तो देतात. पण हेच जस्त आपल्या शरीरातही असतं, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंनाही ते लागतं. जस्त मिळालं नाही तर त्यांची वाढच थांबते! आज आपण जिवाणूंचा हा जस्ताचा कारभार पाहू या.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू राहतो. एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर असे सुमारे ५०० जिवाणू एकामागे एक मावतील. एवढ्याशा पेशीत जस्ताचे अणू किती असतील? सुमारे २ लाख! अमेरिकेतल्या कॅरिन आउटन आणि थॉमस ओ'हॅलोरन या शास्त्रज्ञांनी २००१ साली हे दाखवून दिलं. खरी गंमत तर पुढेच आहे. या २ लाखांमध्ये मोकळा भटकणारा अणू जवळजवळ एकही नसतो. प्रत्येक अणू कुठल्या ना कुठल्या रेणूनं धरून ठेवलेला असतो.

हे जमतं कसं? त्यासाठी पेशीत दोन पहारेकरी प्रथिनं असतात. पहिल्याचं नाव झूर. जस्त पुरेसं असलं की ते झूरला चिकटतं, आणि मग झूर जस्त आत ओढणारे पंप बनू देत नाही. जस्त कमी पडलं की झूर बाजूला होतो आणि पंप तयार होऊ लागतात. दुसरा पहारेकरी याच्या उलट. जस्त जास्त झालं की तो जादा जस्त बाहेर टाकणारे पंप बनवायला लावतो.

एवढी कडक शिस्त कशासाठी? प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. तिची नीट घडी बसली की धातूच्या अणूसाठी त्यात एक जागा तयार होते. कुणाला जस्त हवं असतं, कुणाला लोह, कुणाला मँगॅनीज. पण सगळ्या धातूंचा चिकटण्याचा जोर सारखा नसतो. तांबं सर्वांत घट्ट बसतं. जस्तही घट्टच. लोह त्याहून सैल, आणि मँगॅनीज तर फारच सैल. तांबं मोकळं सुटलं, तर ते दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसेल आणि ते प्रथिन निकामी होईल. तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू मरतात, त्यामागचं हेही एक कारण. (गढूळ पाणी मात्र गाळून, उकळूनच प्यायचं, बरं का!)

मग बिचाऱ्या मँगॅनीजला जागा मिळायची कशी? गोड्या पाण्यातल्या एका निळ्या-हिरव्या जिवाणूची युक्ती ऐका. इंग्लंडमधले नायजेल रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००८ साली उजेडात आणली. मँगॅनीजच्या प्रथिनाची घडी हा जिवाणू पेशीच्या आतच घालतो, कारण तिथे मोकळं तांबं नसतंच. मँगॅनीज आत पक्कं बसलं की मगच ते प्रथिन बाहेरच्या कप्प्यात जातं. तांब्याचं प्रथिन मात्र घडी न घालताच बाहेर पाठवलं जातं. आहे की नाही शक्कल?

आणि जस्ताचा तुटवडा पडला तर? मातीतला बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू त्याची सोय आधीच करून ठेवतो. प्रथिनं बनवणारे हजारो कारखाने पेशीत असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यांच्या एका भागात जस्त असतं. तंगीच्या दिवसांत हा जिवाणू तोच भाग बिनजस्ताचा बनवतो आणि जुन्याच्या जागी बसवतो. सुटलेलं जस्त जास्त गरजेच्या ठिकाणी वापरलं जातं. आईनं डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे अडीनडीला काढावेत, अगदी तसंच!

आपलं शरीरही काही कमी हुशार नाही हं. रोगजंतू आत शिरले की आपल्या पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन सोडतात. ते जस्त आणि मँगॅनीज पकडून ठेवतं. जंतूंची उपासमार होते. जंतूंना गिळणाऱ्या पेशी तर त्यांच्यावर तांब्याचा मारा करतात. एकीकडे उपास, दुसरीकडे विष! या कोंडीतूनही जो जंतू आपला हिशेब सांभाळतो, तोच टिकतो आणि आपल्याला आजारी पाडतो. म्हणूनच हा हिशेब बिघडवणाऱ्या औषधांचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

शेवटी एक कामाची गोष्ट, आई-बाबांनाही वाचून दाखवा. लहान बाळाला जुलाब झाले की शरीरातलं जस्त वाहून जातं. म्हणून डॉक्टर जलसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्याही देतात. त्या १४ दिवसांच्या असतात. जुलाब दोन दिवसांत थांबले, तरी गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ : तीळ, शेंगदाणे, डाळी, अंडी यांतून आपल्याला जस्त मिळतं. यांपैकी काय काय तुमच्या डब्यात असतं, याची आठवडाभर नोंद ठेवा. जिवाणू हिशेब ठेवतो, मग आपण मागे का राहायचं?