चुकीची दुरुस्ती

आमच्या घरीं रात्रीच्या जेवणाआधीं आबालवृद्ध दूरचित्रवाणीपुढें बसतात. 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही २००८ सालीं सुरू झालेली विनोदी मालिका सर्वांच्या आवडीची. तींत टप्पूचें काम करणारे नट बदलले. कालचा टप्पू आज निराळाच दिसूं लागला. मुलें हंसलीं आणि विसरलीं. मीही विसरलों. रामाचें सोंग आज एकानें, उद्यां दुसऱ्यानें घेतलें म्हणून रामकथेस बाध येत नाहीं.

परंतु दुसऱ्या जातीची एक चूक मला खटकली. एप्रिल २०२२ मध्यें याच मालिकेंत 'ऐ मेरे वतन के लोगो' हें गीत १९६५ सालचें असल्याचें सांगण्यांत आलें. नातीनें लगेच वहींत टिपून घेतलें.

मीं विचारलें, "बाळ, हें गीत ऐकून पंडित नेहरू गहिंवरले, ही गोष्ट तूं ऐकली आहेस ना? ते २७ मे १९६४ रोजीं निवर्तले. मग १९६५ चें गीत त्यांनीं ऐकलें कसें?"

ती विचारांत पडली. तेव्हां मीं सांगितलें कीं, १९६२ च्या चीनच्या युद्धांत पडलेल्या जवानांसाठीं कवी प्रदीप यांनीं हें गीत रचलें, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनीं त्यास चाल दिली आणि लताबाई मंगेशकरांनीं तें जानेवारी १९६३ मध्यें दिल्लीस गायिलें. १९६५ चें युद्ध पाकिस्तानाशीं झालें. साल दोन वर्षांनीं चुकलें, पण त्यामुळें ज्यांच्यासाठीं अश्रू ढाळले ते हुतात्मेच बदलले!

मालिकेच्या कर्त्यांनीं मात्र क्षमा मागून १९६३ हें खरें साल जाहीर केलें. तें कळतांच मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली आणि मी ओशाळलों.

मी शिक्षक असतांना गडचिरोली जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला असें वर्गांत शिकविलें होतें. वैनगंगेपलीकडील एका मुलानें उत्तरपत्रिकेंत २६ ऑगस्ट १९८२ लिहिलें. मीं त्यावर तांबडी फुली मारली. पुढें पाहतों तों मुलाचेंच खरें! १ मे १९८१ रोजीं झाले ते जालना व सिंधुदुर्ग हे जिल्हे. तरीही वर्गासमोर मीं अवाक्षर काढलें नाहीं. गुरुजींची प्रतिष्ठा आड आली. वर्ष संपलें, मुलगा शाळा सोडून गेला.

संस्कृतांत चुकीस प्रमाद म्हणतात; प्रमाद म्हणजे अनवधान. तें कोणाच्याही हातून घडतें. परंतु कळल्यावरही जी चूक आपण तशीच ठेवतों, ती प्रमाद नव्हे, तें असत्य होय. विनोदी मालिकेच्या कर्त्यांस जें साधलें, तें मज शिक्षकास साधलें नाहीं.

नातीनें वहींतील १९६५ खोडून १९६३ केलें. मीही आज येथें ती फुली खोडतों. तो विद्यार्थी आतां स्वतः संसारी गृहस्थ असेल. त्याच्या घरीं हा अंक जात असल्यास त्यानें एवढें वाचावें: बाळ, तुझें उत्तर बरोबर होतें.