पहिली जॉयस्टिक कोणती घ्यावी?

संगणकावर लढाऊ विमान उडविण्याचे खेळ आता आलापल्लीच्या घरांतही पोहोचले आहेत. मुले काही दिवस माऊसवर खेळतात आणि मग जॉयस्टिकचा हट्ट धरतात. हा खर्च करावा काय, असे पालक आम्हाला विचारतात.

हट्ट सरसकट उडवून लावू नये, असे आमचे मत आहे. भारतीय हवाई दलात पायलट होण्यासाठी संगणकीकृत निवड चाचणी द्यावी लागते. तीत काठी, पेडल आणि डोळे यांचा मेळ तपासतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेल्यास पुन्हा पायलटसाठी बसता येत नाही. अधिकारी निवडीत आरक्षण नाही, हेही आपल्या समाजाने ध्यानात ठेवावे. शहरातल्या मुलाने लहानपणापासून काठी हाताळलेली असते, आणि आपल्या मुलाने ती त्या दिवशी पहिल्यांदा धरावी, हे आम्हाला बरे वाटत नाही. २०२२ पासून मुलीही एनडीएत जातात, म्हणून घरात एकच जॉयस्टिक असेल तर ती फक्त दादाची नसावी. अर्थात काठीने कोणी पायलट होत नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवेच.

पंचशील घेणाऱ्या घरात युद्धाचा खेळ कशाला, असेही काही उपासिका विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये फरक केला आहे, आणि १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट आपण अभिमानाने सांगतो. मुलाला गोळ्या झाडण्यापेक्षा विमान नीट उतरवण्यात गोडी वाटते काय, ते पालकांनी शेजारी बसून पाहावे.

आता हिशेब. सुरुवात फुकटात होते. 'वॉर थंडर' मोफत आहे व माऊसवर चालतो. मात्र त्यात पैसे भरून विमाने घेण्याची सोय आहे, तेव्हा यूपीआयचा पिन मुलाला सांगू नये. 'फ्लाइटगियर' पूर्णपणे मोफत आहे. त्यात लढाईवर भर नाही, पण वेग फार कमी झाला की पंख विमानाला कसे उचलून धरेनासे होतात, ते त्यात समजते. 'डीसीएस वर्ल्ड' मध्ये सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमाने विनामूल्य मिळतात. त्याला शंभर जीबीहून अधिक जागा आणि दमदार संगणक लागतो. मोबाइलच्या डेटावर ते उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. दोन महिने गोडी टिकली, तरच पुढे जावे.

काठी घेताना चार हालचाली पाहाव्यात. पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे या दोन तर असतातच. तिसरी, काठी जागच्या जागी पिळता आली पाहिजे. त्याने विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळते आणि पायातल्या पेडलचा वेगळा खर्च वाचतो. चौथी, इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा खटका. या चारही गोष्टी लॉजिटेकच्या 'एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो' मध्ये आहेत, शिवाय १२ बटणे. पहिल्या काठीला एवढे पुष्कळ झाले.

थोडे जास्त पैसे असल्यास थ्रस्टमास्टरची 'टी.१६०००एम' पाहावी. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण आठवा. धूळ गेली, आतली पट्टी झिजली, की खरखर सुरू होत असे. पुष्कळ स्वस्त काठ्यांत तशीच पट्टी असते, आणि खरखर सुरू झाली की पडद्यावरचे विमान थरथरते. या काठीच्या मुख्य दोन हालचाली लोहचुंबकाने मोजल्या जातात, घासत काहीच नाही. सुरजागडच्या ट्रकांची लाल धूळ ज्यांच्या ओट्यावर बसली आहे, त्यांना हा मुद्दा वेगळा समजवायला नको. पिळण्याची हालचाल आणि खटका मात्र तिच्यातही जुन्याच पद्धतीचा आहे, म्हणून खेळ झाला की वर फडके टाकावे. डावखुऱ्या मुलालाही ही काठी बसवून घेता येते.

डाव्या हाताला वेगळा खटका हवा असेल तर थ्रस्टमास्टरचीच 'टी.फ्लाइट हॉटास' मालिका आहे. घरात साधा गेमपॅड असेल तर तोही चालवावा, फक्त त्याची काडी आखूड असल्याने बारीक नेम साधत नाही. धातूची काठी, पेडलचा संच वगैरे पहिल्या वर्षी घेणे म्हणजे सायकल शिकण्याआधी बुलेट घेणे होय.

भाव वरखाली होतात, म्हणून आकडे देत नाही. चार-पाच घरांनी वर्गणी करून एक काठी विहाराच्या अभ्यासिकेत ठेवली तर सर्वात उत्तम. वापराची वही ठेवावी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणे होतेच, तेव्हा दीक्षाभूमीवरची पुस्तके घेऊन झाली की सीताबर्डीच्या दुकानांत चौकशी करावी. पक्के बिल घ्यावे. दुकानदाराला काठी संगणकाला जोडायला सांगावी आणि विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची चौकट उघडावी. काठीवरून हात काढल्यावर चौकटीतली फुली मधोमध स्थिर राहिली पाहिजे. ती सरकत किंवा थरथरत असेल तर दुसरा नग मागावा.