खुर्ची आणि द्वार

बंधुभावाचें व्रत सांगणाऱ्या फ्रीमेसन मंडळींच्या लॉजांत प्रतिवर्षीं अधिकारग्रहणाचा समारंभ होतो. मावळता प्रमुख बहुधा स्वहस्तें नव्यास खुर्चीवर बसवितो. हा मान एतद्देशीयांस सहजीं लाभला नाहीं. माणेकजी कर्सेटजी यांस मुंबईच्या लॉजनें नाकारिलें. त्यांनीं पॅरिसांत दीक्षा घेतली, आणि १८४३ सालीं डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानें मुंबईंत 'रायझिंग स्टार' लॉज एतद्देशीयांकरितां निघालें. १९६१ सालीं स्थापन झालेल्या भारताच्या ग्रँड लॉजांत स्त्रियांस मात्र अद्यापि प्रवेश नाहीं.

तथापि मुदतीनें अधिकार सोडणें हा गुण घेण्याजोगा खचित आहे. दहिवडी-म्हसवडच्या व्यापाऱ्यांनींही आपापल्या संस्थांस विचारावें: आमची खुर्ची वेळेवर रिकामी होते काय, आणि आमचें द्वार कोणास बंद आहे?