फोटो कुणाचा?



गेल्या वर्षी एका मासिकात कांद्याच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांचा फोटो पानभर छापून आला. खाली आमच्या संस्थेचे नाव होते. मी मोठ्या उत्साहाने तो अंक केंद्रावर नेला. सगळ्या हरखून गेल्या. फोटो काढणारी मात्र गप्प होती. २२ वर्षांची ही मुलगी आमच्याच शिबिरात कॅमेरा हाताळायला शिकली. तिची आई त्याच खळ्यावर कामाला जाते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ताई, माझं नाव कुठं आहे?"

मासिकाला दोष देऊन मला मोकळे होता आले असते. पण फोटो मीच ईमेलने पाठवला होता. तिचे नाव लिहायचे मलाच सुचले नव्हते आणि मानधनाची चौकशीही मी केली नव्हती. 'चळवळीचे काम' म्हटले की पैशाचे बोलायचे नाही, अशी आपल्याला सवयच लागली आहे. घरात बाईचे काम 'आपल्याच घरचे' म्हणून फुकट आणि संघटनेत 'आपल्याच चळवळीचे' म्हणून फुकट! मग फरक तो काय राहिला?

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिकल्या. सुरुवातीचे त्यांचे बरेच फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले गेले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०११ साली, वयाच्या ९७व्या वर्षी. तिथे नवऱ्याचे नाव होते, इथे संस्थेचे. बाईचे नाव पुसण्याची रीत तीच.

त्या प्रसंगानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून कायदा वाचायला घेतला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती. नोकरीचा भाग म्हणून किंवा कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे नियम वेगळे आहेत, म्हणून अशा वेळी आधीच लेखी करार करावा. एरवी हक्क तिचाच. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर तो ५ वर्षांपुरता धरला जातो. हक्क विकून टाकला तरी 'हे काम माझे' असे सांगण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो. म्हणजे जे नाव मी विसरले, ते लिहिणे हा माझा मोठेपणा ठरला नसता. तो तिचा हक्कच होता.

आता ती मासिकांना स्वतःच पत्र लिहिते. आधी अंक चाळते, संपादकांचे नाव शोधते. विषय चार ओळींत मांडते, सोबत निवडक आठ-दहा फोटो आणि प्रत्येकाची ओळ. शेवटी तीन गोष्टी स्पष्ट विचारते: मानधन किती, नाव कुठे छापणार, फोटो एकदाच वापरणार की पुन्हा पुन्हा? दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही. तिसऱ्या ठिकाणी फोटो घेतले, नावासह आणि मानधनासह.

ती ऑनलाइन प्रिंटही विकते. किंमत ठरवताना कागद, छपाई, पॅकिंग, टपालखर्च यांच्या जोडीला स्वतःच्या दिवसाची मजुरी धरायला ती शिकली. पहिल्या हिशेबात ही मजुरी शून्य होती! १२ इंच लांबीच्या चांगल्या प्रिंटला साधारण ३६०० पिक्सेल लागतात. म्हणून ती इंटरनेटवर फोटो लहान करूनच टाकते. उचलला तरी त्याचा चांगला मोठा प्रिंट निघत नाही.

इथवर गोष्ट आनंदाची होती. मग एका फोटोच्या एकदम पाच प्रिंटची मागणी आली. तो खळ्यावरच्या एका बाईचा चेहरा होता. त्या बाईला विचारायला आम्ही दोघी गेलो. ती म्हणाली, "नवऱ्याचा मार चुकवून इथं आले. माझं तोंड लोकांच्या भिंतीवर कशाला? हात घ्या माझे, हात चालतील." मुलीने तो फोटो विक्रीतून काढला. पाच प्रिंटचे पैसे गेले. ते पैसे तिच्या घरी लहान नव्हते.

१९३६ साली अमेरिकेत डोरोथिया लँग यांनी सरकारी कामासाठी काढलेला एका मजूर आईचा फोटो जगभर गाजला. ती आई म्हणजे फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे जगाला कळायला १९७८ साल उजाडले. या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी तिची तक्रार होती. १९९८ साली त्याचाच एक प्रिंट लिलावात दोन लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला.

म्हणून फोटो कुणाचा, या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचे उत्तर नाही. कायद्याने तो काढणारीचा. पण चेहरा जिचा, तिचाही त्यावर शब्द हवा. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. काढणारीच्या नावाशिवाय संस्थेतून एकही फोटो बाहेर जाणार नाही. विक्रीपूर्वी फोटोतल्या बाईला छापील प्रत हातात देऊन, तिच्या भाषेत विचारले जाईल, आणि तिचा नकार शेवटचा असेल. विक्रीतला वाटा किती, हे दोघी मिळून आधी ठरवतील. पहिला वाटा गेल्या महिन्यात दिला, त्या हातांच्या फोटोचा. त्या बाईने पैसे मोजून कनवटीला लावले आणि विचारले, "अजून काढणार का?"

तुमच्या संघटनेच्या कपाटात, फोनमध्ये, अहवालांत असे किती फोटो नावाविना पडून आहेत? एकदा काढून बघा. कुणी काढले, कुणाचे आहेत, ते मागे लिहून ठेवा. जिला विचारायचे राहून गेले, तिला आता विचारा. आणि काय उत्तर मिळाले, ते आम्हालाही कळवा.