नाव शाळेत, विद्यार्थी अन्यत्र

रायपुरात बूढापारा नावाचा एक जुना मोहल्ला आहे. तेथील तलावात स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा उभा आहे. तलावालाही आता त्यांचेच नाव दिलेले आहे, आणि २०१२ पासून येथील विमानतळही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बदलीवर येथे प्रथमच उतरणाऱ्या आमच्या मराठी बांधवास याचे थोडे नवल वाटते. बंगालच्या संन्याशाचा छत्तीसगडशी संबंध तो काय? संबंध असा की, १८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त येथे राहावयास आले आणि त्यांचे कुटुंबही आले. रायपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. नागपुरापर्यंत गाडी आणि पुढे बैलगाडी असा तो प्रवास होता. मुलगा नरेंद्र त्या वेळी चौदा वर्षांचा होता. त्याला घालण्याजोगी शाळा गावात नव्हती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. सुमारे दोन वर्षे तो शाळेत गेलाच नाही. वडील घरीच त्याच्याशी बोलत, त्याला वादास प्रवृत्त करीत, घरी येणाऱ्या जाणत्या मंडळींच्या चर्चेत त्याला बसू देत; बुद्धिबळ आणि स्वयंपाक हेही त्याने याच काळात आत्मसात केले. १८७९ मध्ये कलकत्त्यास परतल्यावर राहिलेला अभ्यास त्याने थोडक्या अवधीत उरकला, एंट्रन्स परीक्षा पहिल्या वर्गात दिली आणि १८८० च्या आरंभी प्रेसिडेन्सी कॉलेजात पाऊल ठेवले.

दर वर्षी बारा जानेवारीस ही कथा या शहरात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तिचा एक भाग मात्र कोणी सांगत नाही. दोन वर्षे शाळा बुडालेल्या मुलास पुन्हा प्रवेश देण्यात अडचण होती. शिक्षकांना तो पूर्वीपासून ठाऊक होता, त्यांचा त्याच्यावर लोभ होता, म्हणून अपवाद करण्यात आला. म्हणजे रायपूरच्या घरी तो जे शिकला ते मोजले गेले, ते नियमाने नव्हे, कृपेने. ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदविण्याचे कारण असे की, दीडशे वर्षे होत आली तरी घरी शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची स्थिती आपल्या विद्यापीठांच्या दारात फारशी निराळी नाही. आणि त्याहूनही अधिक खेदाची गोष्ट ही की, या कृपेच्या जागी हक्क आणण्याचे ज्यांना सर्वांत अधिक कारण आहे, तो आमचा बदलीवर फिरणारा अधिकारीवर्ग निराळ्याच वाटेने निघून गेला आहे. त्या वाटेविषयी आम्हांस आज स्पष्ट बोलावयाचे आहे.

बदलीने मुलांच्या शिक्षणाचे काय होते, हे या पृष्ठांच्या वाचकांस आम्ही काय सांगावे! सरकारनेही ते केव्हाच मान्य केले आहे; १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची जी योजना सुरू झाली तिचे प्रयोजनच ते होते. त्या विद्यालयांनी पुष्कळांस तारले. तथापि दहावी झाली की आमच्या घरांत एक वेगळाच वारा वाहू लागतो. अभियांत्रिकीची किंवा वैद्यकीची प्रवेशपरीक्षा समोर दिसू लागते, शिकवणीवर्गाचे वेळापत्रक सकाळपासून रात्रीपर्यंत पसरते, आणि मग शाळा ही केवळ अडचण ठरते. तेव्हा एक शाळा अशी शोधली जाते की जिच्या पटावर मुलाचे नाव राहील, जी फी घेईल, हजेरी लावील, आणि मुलाने तेथे यावे अशी अपेक्षा मात्र धरणार नाही. या व्यवहाराला डमी प्रवेश असे नाव आहे. पुण्या-मुंबईकडे त्याला ‘इंटिग्रेटेड’ असे थोडे प्रतिष्ठित नाव दिले जाते, एवढाच काय तो फरक.

हे सर्व चोरून चालते असेही नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने देशभरातील वीस शाळांची संलग्नता अशाच गैरप्रकारांसाठी काढून घेतली. त्या यादीत रायपूर होते. आणि आपण फार मान वर करू नये म्हणून सांगतो, पुणे आणि ठाणेही होते. शाळांना शिक्षा झाली, ते योग्यच झाले. परंतु मुलांची नावे त्या पटांवर कोणी घातली? प्रवेशाच्या अर्जावर पालकाची स्वाक्षरी असते. त्यांत आमच्यासारख्यांच्या किती होत्या हे आम्ही सांगू शकत नाही; पण आमच्या बैठकींतून, हळदीकुंकवाच्या समारंभांतून, ‘नाव अमुक शाळेत घातलंय, जातो मात्र क्लासला’ हे वाक्य किती निःसंकोचपणे उच्चारले जाते ते आम्ही ऐकले आहे. ज्या गृहस्थाने दिवसभर कचेरीत बसून दुसऱ्याच्या हजेरीपटावरील एक खोटी नोंद पकडावी, त्या नोंदीवर शेरा मारावा, खुलासा मागवावा, त्याच गृहस्थाच्या मुलाची पंच्याहत्तर टक्के हजेरी रोज खोटी लागत असते. मुलगा हे पाहतो. वडिलांची सही कोणत्या कागदावर खरी आणि कोणत्या कागदावर खोटी, हे तो सोळाव्या वर्षी शिकतो, आणि हा धडा तो विसरत नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: ‘मग करावे काय? शाळेत जाऊन वेळ फुकट जातो.’ जात असेल. आम्ही शाळेचे वकीलपत्र घेतलेले नाही. आमचे म्हणणे इतकेच की, शाळेत जावयाचे नसेल तर न जाण्याचा प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे. शिक्षणहक्काच्या कायद्याची सक्ती सहा ते चौदा या वयापुरती आहे. १९७९ मध्ये केंद्रीय मंडळाचा एक प्रकल्प म्हणून जन्मलेली आणि १९८९ पासून स्वतंत्रपणे चालणारी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था चौदा वर्षे पुरी झालेल्यास दहावीसाठी आणि पंधरा पुरी झालेल्यास बारावीसाठी नाव घालू देते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. एकदा नोंदलेले नाव पाच वर्षे राहते, त्यात नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सवडीने देऊन गुण साठविता येतात. बदलीचा हुकूम मार्चमध्ये येवो की ऑक्टोबरात, या विद्यार्थ्याचे वर्ष बुडत नाही. छत्तीसगडची स्वतःची राज्य मुक्त शाळाही आहे आणि तिचे कार्यालय रायपुरातच आहे. आणखी एक गोष्ट, जी आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल: राष्ट्रीय संस्थेच्या दहावीच्या विषयांत मराठी आहे. ‘परमुलखात मुलांचे मराठी सुटले’ म्हणून जे अश्रू आमच्या स्नेहसंमेलनांत ढाळले जातात, त्यांपैकी निम्मे तरी हा एक विषय निवडल्याने वाचले असते. परंतु मुक्त शाळा म्हणजे नापासांची शाळा, अशी आपली पक्की समजूत. खोट्या हजेरीची लाज नाही, मुक्त शाळेची मात्र आहे!

येथवर झाले ते शाळेचे. खरा प्रश्न पुढेच आहे. जे मूल घरी बसून मनापासून शिकते ते बारावीच्या कुंपणाशी थांबत नाही. सोळाव्या वर्षी त्याला संख्याशास्त्र आवडते किंवा अर्थशास्त्र आवडते, आणि ते महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा विषय समजून घेते. घरी शिकणाऱ्या मुलांच्या घराघरांत हे होत असते. अमेरिकेत याची व्यवस्था जुनी आहे. तेथील कॉलेज बोर्डाने १९५५ मध्ये शाळकरी मुलांसाठी महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षा आणि १९६७ मध्ये कोठेही, कसेही शिकलेल्यासाठी श्रेयांकाच्या परीक्षा सुरू केल्या, आणि घरी शिकणारी मुले त्यांचा लाभ घेऊन पदवीचा काही भाग आधीच पदरी पाडून घेतात. तेथेही प्रत्येक विद्यापीठ आपापल्या मर्जीने ते मानते, हे खरे. पण मानावयाचे काय आणि किती, याचे कोष्टक छापलेले असते. अर्ज करण्यापूर्वी मुलाला ते वाचता येते.

आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. २०१७ पासून ‘स्वयम्’ या नावाने शासनाने महाविद्यालयीन अभ्यासक्रम सर्वांस विनामूल्य खुले केले आहेत. त्याआधी २००३ पासून आय. आय. टीं.च्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘एन्‌पीटेल’ने घरोघर पोहोचविली. बारा आठवड्यांचा एन्‌पीटेलचा अभ्यासक्रम साधारणतः तीन श्रेयांकांचा धरतात. गृहपाठ पंचवीस गुणांचा, आणि परीक्षा पंचाहत्तर गुणांची. ही परीक्षा घरी होत नाही, केंद्रावर जाऊन पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. म्हणजे ‘घरी कोणी लिहून दिले कोण जाणे’ हा आक्षेप येथे लागू पडत नाही. तो आक्षेप घ्यावयाचाच तर डमी शाळेच्या हजेरीपटावर घ्यावा. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी स्थापण्याचे विनियम काढले. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर पाचवीपासून पीएच्‌. डी.पर्यंतच्या अभ्यासाला एकच माप लावले: तीस तासांचा अभ्यास म्हणजे एक श्रेयांक, वर्षाचे बाराशे तास, चाळीस श्रेयांक. कागदावर पाहता, रायपूरच्या चौबे कॉलनीत आपल्या खोलीत बसून तीस तास प्रामाणिकपणे शिकणारी मुलगी आणि महाविद्यालयाच्या बाकावर तीस तास बसणारी मुलगी यांचे माप आता एकच आहे.

कागदावर. कारण त्याच २०२१ च्या दुसऱ्या विनियमाने ‘स्वयम्’चे श्रेयांक एका सत्रात चाळीस टक्क्यांपर्यंत घेण्याची जी मुभा दिली, ती संस्थेला दिली, विद्यार्थ्याला दिली नाही. कोणता अभ्यासक्रम मानावयाचा हे संस्थेची विद्वत्परिषद ठरविणार. त्यातही हा सर्व विचार आधीच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचा. प्रवेशापूर्वी, सोळाव्या-सतराव्या वर्षी मिळविलेल्या प्रमाणपत्राचे काय, याचे उत्तर मागावयास गेलेल्या पालकास एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठविले जाते. मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२० मध्ये जो पदवीक्रम दूरस्थ पद्धतीने सुरू केला, त्याची पात्रता-परीक्षा अकरावी आटोपलेल्या मुलास देता येते, हे मोठेच पाऊल होय. पण तेथेही प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतरच. उंबरठ्यापर्यंत या, आत मात्र वेळ झाल्यावर.

आमचे विरोधक म्हणतील की, घरी शिकविणे ही चार सुखवस्तू घरांची चैन आहे. या आक्षेपात तथ्य आहे. त्याहून मोठे तथ्य आमच्या विरोधकांनी बोलून दाखविलेले नाही, ते आम्हीच सांगतो. घरी शिकविणे याचा अर्थ आपल्या घरांत बहुधा आईने शिकविणे असा होतो. विश्वनाथ दत्तांसारखा मुलाशी वाद घालीत बसणारा बाप आजच्या कचेऱ्यांतून रात्री आठ वाजता घरी येतो. नवऱ्याच्या तीन बदल्यांत जिने आपली तीन नोकऱ्यांची संधी सोडली, तिच्यावरच हे चौथे ओझे टाकून आपण पुरोगामी म्हणवून घेणार असू, तर त्यापेक्षा शाळाच बरी. ही वाट ज्या घरात दोघे मिळून चालतील त्याच घराने धरावी. आणि सोबतीचा प्रश्नही खोटा नाही. शाळेत जे मूल शेजारी बसते ते आपल्या वर्गातले, आपल्या जातीचे, आपल्या भाषेचे असेलच असे नाही, हा शाळेचा गुण घराला कधी येणार नाही. परंतु डमी प्रवेशात ही सोबत तरी कोठे मिळते? तेथे शाळाही नाही आणि घरही नाही. शिकवणीवर्गाचा लाखोंचा खर्च मात्र आहे, आणि स्वयम्‌च्या एन्‌पीटेल-परीक्षेचे शुल्क विषयामागे हजार रुपयांच्या घरात.

दुसरा आक्षेप विद्यापीठांचा: दर्जा ढासळेल. यावर हसावे की रडावे! लंडन विद्यापीठाने १८५८ पासून कोठेही राहून अभ्यास केलेल्यास परीक्षेस बसू दिले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपली पहिली विद्यापीठे १८५७ मध्ये त्याच लंडनच्या नमुन्यावर, मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी निघाली. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्या प्रौढांस पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीवर्गात घेतले. प्रौढास जे चालले ते सतरा वर्षांच्या मुलास का चालू नये, हे आम्हांस उमजत नाही. आणि येथे रायपुरात, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात, घरी अभ्यास करून परीक्षेस बसणाऱ्यास जो शब्द आहे तो तर आम्हांस फारच आवडतो. आपण मराठीत अशा विद्यार्थ्यास बहिःस्थ म्हणतो, म्हणजे बाहेरचा. इकडे त्याला स्वाध्यायी म्हणतात. ज्या प्रांताने इतका सुंदर शब्द कचेरीच्या व्यवहारात आणला, त्याला त्या शब्दाचा अर्थ दोन वर्षे अलीकडे ओढणे अवघड जाऊ नये.

मागणी मोठी नाही. प्रवेशापूर्वी, पर्यवेक्षित परीक्षा देऊन मिळविलेले कोणते अभ्यासक्रम पहिल्या वर्षात धरले जातील, किती गुणांना आणि किती वर्षांपर्यंत, याची यादी विद्यापीठाने छापून प्रसिद्ध करावी. ‘विद्वत्परिषदेच्या विवेकाधीन’ हे शब्द त्या यादीत नसावेत. असे परिपत्रक कसे लिहावे, कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर न्यावे, कोठे ते अडते आणि कोणाच्या सहीने सुटते, हे या देशात ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक आहे ते आमचे वाचकच आहेत. आजवर त्यांनी हे कौशल्य मुलासाठी सोयीची शाळा शोधण्यात खर्च केले. दहावीचे निकाल लागले की डमी प्रवेशाचे अर्ज पुन्हा घरोघर येतील, आणि त्यांवर पालकाच्या सहीची जागा कोरी असेल.