लेबल लावण्याचा हक्क कुणाकडे?



परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडची आपली मुलं-मुली आज कम्प्युटर शिकत आहेत. पण ओपन सोर्सचा विषय निघाला की 'ते पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअरांचं काम' म्हणून मागे सरतात. मागे सरण्याआधी तिथली एक साधी गोष्ट समजून घ्या. ती म्हणजे लेबल.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असतो. त्यातली चूक किंवा मागणी गिटहबवर नोंदवली की त्या नोंदीला इश्यू म्हणतात. मोठ्या प्रकल्पात असे हजारो इश्यू साचतात, म्हणून त्यांना लेबलं लावतात. 'बग' म्हणजे बिघाड, 'हेल्प वाँटेड' म्हणजे मदत हवी, 'गुड फर्स्ट इश्यू' म्हणजे नवख्याने आधी हातात घ्यावं असं काम.

हे लेबल कामाला लागतं, माणसाला नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवला. जातीने माणसाला जन्मतःच लेबल चिकटवलं आणि त्यावरून त्याचं काम ठरवलं. इथे काम समोर ठेवलेलं असतं, ते उचलायचं की नाही हे तुम्ही ठरवता.

पण एवढ्यावर भुलू नका. इश्यू कुणीही नोंदवतो, लेबल मात्र सहसा प्रकल्प सांभाळणारेच लावतात. समजा, एखाद्या ॲपमध्ये 'दऱ्या', 'सुऱ्या' ही अक्षरं तुटून दिसतात. मराठी माणसासाठी तो सरळ बिघाड आहे. मराठी न येणारा त्याला 'एन्हान्समेंट', म्हणजे सवडीने करायची सुधारणा ठरवू शकतो. किंवा 'वोंटफिक्स' लावून विषयच संपवू शकतो. वर्गवारी करणाऱ्याच्या हातात सत्ता असते, ती इथेही असते.

मग करायचं काय? 'गुड फर्स्ट इश्यू'पासून सुरुवात करा. कोड येत नसेल तर भाषांतर आणि माहितीलेखनाची कामं आहेतच. मराठीतला बिघाड दिसला तर फोन, आवृत्ती आणि स्क्रीनशॉट देऊन नोंदवा. 'वोंटफिक्स' लागलं तर कारण विचारा. आणि सोप्या कामांवरच थांबू नका. गिटहबवर संस्थांच्या प्रकल्पांत 'ट्रायाज' नावाची भूमिका असते. तिच्यात कोड बदलता येत नाही, पण लेबल लावता येतं. सातत्याने काम करा आणि तो अधिकार मागून घ्या.

'फुकट का राबायचं?' हा प्रश्न रास्त आहे. वेठबिगारी आपल्या पूर्वजांनी भोगली आहे. म्हणून वेळेची मर्यादा स्वतः ठरवा आणि आपलं काम आपल्याच नावावर नोंदलं जातंय ना, हे तपासा. ती जाहीर नोंद नोकरी मागताना दाखवता येते.

खुलं दार आपोआप समता आणत नाही. आत जाऊन निर्णयाच्या जागी बसावं लागतं.

जय भीम!